दाजींना गुद्दा माफ

अंकुश,

बरगडीवरचा डाग आता पिवळा पडायला लागलाय. आधी काळानिळा होता, मग कडेकडेनं हिरवट झाला, आणि आज सदरा काढताना पाहिलं तर तू पुण्याहून आणायचास त्या गव्हाच्या बिअरच्या रंगाचा दिसला. तुझ्या टाचेचा डाग आहे तो. उभ्या आयुष्यात तू मला घातलेली एकच लाथ. ती पुसून जायच्या आत तुझ्याशी बोलून घ्यावं म्हणून बसलोय.

तू कसा गेलास हे दारावर येणारी माणसं एकमेकांना सांगतात, तेव्हा मला ती हकीकत ओळखू येत नाही. दिंद्रुडच्या पाहुण्यांपर्यंत बातमी गेली तोवर त्यात गॅसचं सिलेंडर आलं होतं. सिलेंडर नव्हतं. आपल्या तेलगाव रस्त्यावरच्या वावरातलं पत्र्याचं शेड होतं आणि त्यात तू भरून ठेवलेल्या ज्वारीच्या बिअरच्या बाटल्या होत्या. भर दुपारी आतून फटाक्यांसारखा आवाज यायला लागला. दार मी उघडलं. एक बाटली फुटत होती, तिची काच शेजारच्या बाटलीवर बसत होती आणि ती फुटत होती. पत्र्यावर काचा गारांसारख्या वाजत होत्या. तू ओरडलास, "दाजी, मागं!" मी मागं झालो नाही. झाकणं काढली तर उरलेल्या वाचतील, एवढंच डोक्यात. मी आत पाऊल टाकलं आणि तू माझ्या बरगडीत अशी लाथ घातलीस की मी दाराबाहेर कडब्याच्या पेंढ्यांवर जाऊन आदळलो.

श्वास परत आला तेव्हा तू दारात उभा होतास. हात मानेवर दाबलेला, आणि बोटांमधून रक्त उड्या मारत बाहेर येत होतं. तुझ्या तोंडावर राग होता. मला वाटलं, आता शिवी देशील. तू खाली बसलास. रशीदभाईनं गाडी आणली, मी टॉवेल दाबून धरला, टॉवेल भरला, माझा सदरा भरला. तालुक्याच्या वाटेवर कुठंतरी तुझा हात माझ्या मनगटावरून सुटला. कुठल्या गावापाशी ते मला सांगता येत नाही. मी खिडकीबाहेर पाहत नव्हतो.

लोक तुला तापट म्हणतात. मी म्हणतो, तुझं बोलणंच हाताचं होतं. आनंद झाला की समोरच्याच्या खांद्यावर थाप, राग आला की थोबाडीत, आणि लाज वाटली की भिंतीवर मूठ. पुण्यात ताजी बिअर गाळून तिथंच ग्लासात देणाऱ्या हॉटेलात तू टाक्या धुण्यापासून सुरुवात केलीस आणि गाळणाऱ्याच्या हाताखालचा माणूस झालास. मॅनेजर कुणाच्या तरी आईवरून बोलला म्हणून त्याला काउंटरवरून पलीकडं फेकलंस आणि गावी आलास. सोबत काय आणलंस? एक गोधडी, बकरीच्या पेंडीसारख्या दिसणाऱ्या बिअर कडू करणाऱ्या हॉप्सच्या गोळ्यांचं पाकीट, आणि काचेचा एक काटा. बिअरमध्ये सोडला की अजून साखर किती उरली ते दाखवणारा. तो तू तान्ह्या पोरासारखा कापडात गुंडाळून आणला होतास.

त्या वेळी आपला सहकारी साखर कारखाना बंद पडला होता. दुसऱ्या वर्षीही पाऊस झाला नाही, ऊस हिरवाच तोडून चारा छावणीवर गेला, आणि माझं आख्खं आयुष्य जिथं गेलं ती आसवनी, मळीचं मद्य करायचा विभाग, तिथं कबुतरं राहायला आली. तू म्हणालास, "दाजी, घरात बसून ताईचं डोकं खाऊ नका. रविवारी वजनकाट्यावर या."

कारखान्याच्या बंद वजनकाट्याच्या खोलीत आपले ते रविवार. तू, मी आणि वेल्डिंगवाला रशीदभाई. पुण्याहून, संभाजीनगरहून कुणी येणार असलं की तू त्याच्याकडून बाटल्या मागवायचास. हल्ली शहरातली माणसं काय पितात आणि त्यात काय आहे, हे बीड जिल्ह्यातल्या तीन बेकार माणसांनी ठरवायचं. बर्फाच्या जागी ओलं पोतं. ग्लास स्टीलचे.

गव्हाची बिअर आली तेव्हा तू म्हणालास, "केळीच्या टेम्पोमागं गाडी चालवल्यागत वास येतोय, पण आपल्याला फुडं जाऊ वाटत न्हाई." काळी, कॉफीची म्हणून विकतात ती आली, तर तुझं मत पडलं, "पिठलं करपलं अन् सासूला कळू नये म्हणून कढईत पाणी वतलं." ती लई कडूवाली, जिच्या नावात तीन इंग्रजी अक्षरं आहेत, ती पिऊन तू म्हणालास, "ही खरी. ही तोंडावर बोलती." एक आंबट आली होती. तिला तू चार दिवसांचं ताक म्हणालास आणि सगळी एकट्यानं संपवलीस.

रशीदभाई थेंब घेत नव्हता. नुसता वास घ्यायचा आणि आपल्याआधी मत द्यायचा.

तू विचारायचास, "बे, तू पीत न्हाई तर बोलतो कावून?"

"पीता नहीं, इसलिए सच्ची बोलता. तुम लोगां दूसरे गिलास के बाद सब अच्छा बोलते."

नियम तुझा होता. तोंडदेखलं मत दिलं की पाठीत गुद्दा, आणि बाटली ज्यानं मागवली त्यानं मारायचा. रशीदभाईनं खाल्ले. एकदा तू स्वतःच मागवलेल्या आंब्याच्या बिअरचं खोटं कौतुक केलंस आणि रशीदभाईला म्हणालास, "मार, मीच खोटं बोललो." त्यानं मारला. तू खोकत बसलास.

मी प्रत्येक बाटलीला म्हणायचो, "छान आहे."

सगळ्यांना ठाऊक होतं की मी खोटं बोलतोय. मळीच्या टाक्यांशेजारी उभं राहून माझी जीभ केव्हाच मेली होती, आणि जे कळायचं तेही बोलायचं धाडस नव्हतं. रशीदभाई तुझ्याकडं बघायचा. तू हात वर करायचास आणि तसाच खाली घ्यायचास.

"दाजींना गुद्दा माफ. बहिणीच्या नवऱ्याच्या अंगाला हात लावला तर आमची म्हातारी चितेतून उठून यील."

आम्ही हसायचो. मीही हसायचो. आज वाटतं, त्या माफीनंच तुला मारलं.

आमच्या लग्नात कानपिळीला तुला पुढं केलं होतं. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. तू लहान होतास, नवा सदरा, तेल लावून चापून बसवलेले केस. माझ्या कानाला तू नुसती बोटं लावलीस. मांडव ओरडत होता, "पीळ की बे जोरात!" आणि तू म्हणालास, "दुखंल त्यांना." तुला कानपिळीची टॉवेल-टोपी मिळाली आणि माझा कान तसाच राहिला. त्या कानाकडं मी परत येणार आहे.

ज्वारीची बिअर करायचं तुझ्या डोक्यात कधी शिरलं, मला आठवत नाही. पण कारखान्याच्या सभासदांची सभा आठवते. मांडवात माणसं घामानं चिकटलेली, स्टेजवर माजी संचालक तात्या. तू उभा राहिलास. शर्टाच्या खिशात तो काचेचा काटा, लोकांना दाखवायला. म्हणालास, ऊस येत नसेल तर नसेल, आपली ज्वारी कमी पाण्यात येते, आसवनीच्या टाक्या रिकाम्या आहेत, ज्वारीवाल्यांची सोसायटी करू, रीतसर परवाना मागू, शहरात ही बिअर रांग लावून पितात. तू चांगलं बोललास, अंकुश. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. तू खरंच चांगलं बोललास.

तात्या माइकवरच म्हणाला, "पुण्यात गिलास धुऊन आलंय, अन् आमाला कारखाना चालवाया शिकवतंय."

मांडव हसला. तू खुर्ची उचललीस. ती स्टेजपर्यंत पोचली, माइक आडवा झाला आणि तात्याच्या कपाळातून रक्त आलं. मग त्याच्या माणसांनी तुला वजनकाट्यामागं नेलं. ते तुला मारत होते आणि मी तुझ्या चपला हातात धरून उभा होतो. पळताना तुझ्या पायातून निघाल्या होत्या, मी उचलल्या, आणि त्यानंतर मला दुसरं काहीच सुचलं नाही. लाथा पडताना पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज येतो. तो मी सगळा ऐकला. ते गेल्यावर तू उठून बसलास, ओठ फाटलेला, शर्टावर रक्ताचा गोल. खिशातला काटा छातीत फुटला होता. रशीदभाईनं चिमट्यानं काचा काढल्या. तू माझ्या हातातल्या चपलांकडं पाहिलंस.

"दाजी, चपला सांभाळल्या. लई झालं."

ते तू टोमण्यानं म्हणालास की मायेनं, हे विचारायचं राहिलं.

सोसायटी झाली नाही म्हणून तू एका निळ्या पिंपात सुरू केलंस. ज्वारी भिजवली, पोत्यावर मोड आणले, पत्र्यावर वाळवली, दळून आणली. आधी चव जमू दे, मग परवान्याला तोंड दाखवू, असं म्हणायचास. आणि पाणी? टँकरचं. त्यावरून आपलं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणालो, आज टँकर एका विहिरीवर भरतो, उद्या दुसऱ्या. एक पाणी खारं, एक गढूळ. ह्या पाण्यात बिअर होत नाही. तू म्हणालास, "ह्या पाण्यात माणसं झाली, दाजी. बिअर न व्हायला काय झालं?" मी कारखान्यातल्या पाण्याच्या परीक्षेबद्दल भाषण दिलं. तू ऐकून घेतलंस, कारण दाजी बोलत होते.

गावाला कळलं तेव्हा टँकरच्या रांगेत सोजरमावशीनं तुझ्या डोक्यात कळशी घातली. "लोकाला प्यायला पाणी न्हाई अन् ह्यो मुडदा दारू गाळतोय!" भुवई फुटली. एरवी अंगाला धक्का लागला तरी उलटणारा तू हात मागं बांधून उभा राहिलास. रक्त डोळ्यात उतरत होतं.

"मावशी, आईची आन. माझ्या आंघोळीचं पाणी हाय ते. घरातलं एक तांब्या न्हाई घेतलं."

मावशीनं तुझा वास घेतला. "खरं बोलतोय मेला. जा बाबा, आंघोळ कर आधी, बिअर नंतर कर!"

सगळी रांग हसली. तूही हसलास, लाल दातांनी. त्या उन्हाळ्याआधीच्या दिवसांत तू खरंच आंघोळ सोडली होतीस. आम्ही तुझ्यापासून लांब बसायचो.

आता त्या कानाचं.

आसवनीत टाकीतली मळी आंबून झाली की नाही हे यंत्रावर दिसतं. पण आम्ही जुनी माणसं टाकीला कान लावायचो. आत उकळल्यासारखा आवाज असतो. तो थांबला की म्हणायचं, बसली. साखर संपली, काम झालं. माझा कान कधी चुकला नव्हता. त्या टाक्या घराएवढ्या असतात. त्या स्वतःच्या उष्णतेनं तापतात, बाहेर कितीही गारठा असो. तुझं पिंप माझ्या कमरेएवढं होतं. पौषातली सकाळ, तोंडातून वाफ निघत होती, शेडचा पत्रा हाताला चावत होता. तू मला बोलावलंस. काटा फुटलेला होता, म्हणून माझा कान. मी पिंपाला कान लावला. आत शांत होतं.

"बसली," मी म्हणालो.

तू विचारलंस, "दाजी, नक्की?"

"बसली."

पुण्यात तुला दोन-दोनदा मोजायला शिकवलं होतं. थोडे दिवस थांबून पुन्हा बघायचं, हे तूच मला सांगितलं होतंस. माझ्या जागी दुसरा कुणी असता, तर तू म्हणाला असतास, बे, थांब, परत बघू. रशीदभाई असता तर त्याची गचांडी धरली असतीस. पण दाजींना आणखी एकदा विचारणं म्हणजे दाजींवर भरवसा नाही असं होतं. तू माझ्याकडं पाहिलंस, मान हलवलीस, आणि बाटल्या भरायला घेतल्यास. प्रत्येकीत फेस यावा म्हणून गुळाचं पाणी. झाकणं रशीदभाईनं बनवलेल्या दाबयंत्रानं दाबली. क्रेटवर खडूनं काहीतरी लिहिलंस आणि म्हणालास, "शिमग्याला फोडू."

आतलं बसलं नव्हतं. थंडीनं गारठून गप्प पडलं होतं. ऊन तापलं तसं जागं झालं आणि बंद बाटल्यांत वायू कोंडत गेला.

हे मी सगळ्यांना सांगितलं. पंचनाम्याला आलेल्यांना सांगितलं, तुझ्या चुलत्यांना सांगितलं, दारावर आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. ते माझ्या पाठीवरून हात फिरवतात. उन्हानं झालं, दाजी. बाटल्याच जुन्या होत्या, दाजी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, दाजी. माझ्यावर कुणी हात उचलत नाही. तुझा थोरला चुलता, ज्यानं बांधावरून भावाचं डोकं फोडलंय, तोसुद्धा मला जेवलात का विचारतो.

फक्त तुझी ताई सुरेखा बोलत नव्हती. परवा तिनं शेडमागं तू जमवलेल्या रिकाम्या बाटल्यांचं पोतं ओढत आणलं आणि वरवंट्यानं एकेक फोडायला लागली. गव्हाची, काळी, आंब्याची, सगळ्या. मी अडवायला गेलो. तिनं वरवंटा माझ्या दिशेनं धरला.

"ते तुमच्या फुडं कधीच बोललं न्हाई. मीबी बोलले न्हाई. लग्नातच त्यानं तुमचा कान जोरात पिळाया पाहिजे व्हता."

मग म्हणाली, "लाथ घातली ती बरी केली. आधीच घालाया पाहिजे व्हती."

इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा बरं वाटलं. हे कुणाला सांगता येण्यासारखं नाही, म्हणून तुला सांगतोय.

शेडमध्ये एक क्रेट उरला होता. मागच्या भिंतीला, ओल्या पोत्याखाली, म्हणून वाचलेला. त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. वात पेटलेल्या सुरुंगासारखं त्याच्याकडं लांबून बघायचे. आज सकाळी ऊन चढायच्या आत मी गेलो. रशीदभाईनं त्याचा वेल्डिंगचा मुखवटा माझ्या तोंडावर बांधला, मानेला गोधडी गुंडाळली. तुझीच, पुण्याहून आणलेली. तो म्हणाला, "मैं करता, तुम हटो." मी नाही म्हणालो. सुरेखा न बोलावता येऊन दारात उभी राहिली. तिला हो बाजूला म्हणालो, ती झाली नाही.

पोत्यात हात घालून एकेक झाकण उचकटलं. प्रत्येक बाटली माझ्या अंगावर धावून आली. छपरापर्यंत फेस, पत्र्यावर चापटा मारल्यासारखा आवाज, आणि वास. अंकुश, वास भाकरीचा होता. तव्यावर फुगलेल्या, कडेनं जरा जळलेल्या ज्वारीच्या भाकरीचा. दोन बाटल्या हातातच गेल्या. पोत्यानं झेलल्या. तळवा कापलाय, म्हणून अक्षर असं आहे.

शेवटच्या बाटलीच्या तळाशी थोडी उरली. मी मुखवटा काढला आणि ती तुझ्या स्टीलच्या ग्लासात ओतली. गढूळ, गेरूकडं झुकणारी. ओठाला लावली, प्यालो. रशीदभाई वाट बघत होता. वास घेऊन त्यानं आपलं मत आधीच दिलं होतं, आणि ते देताना त्याचे डोळे भरले होते.

मी म्हणालो, "छान आहे."

पाठीत गुद्दा पडला. खांद्यांच्या मधोमध, पूर्ण ताकदीचा. ग्लास हातातून उडाला, बरगडी पेटली, मी गुडघ्यावर आलो. वळून पाहिलं तर सुरेखा. मूठ अजून आवळलेली.

"खरं बोला," ती म्हणाली. "बाटली माझ्या भावाची हाय."

तर खरं मत असं. फेस दांडगा आहे, धरून राहत नाही. कडूपणा मागून येतो आणि बरोबर ठिकाणी येतो, त्याला हात लावू नकोस. ज्वारी कळते. पाणी कुठंही लागत नाही. पाण्याबद्दल तू बरोबर होतास आणि मी चूक.

आणि गोड आहे, अंकुश. अजून गोड आहे. बसली नव्हती.